यंत्राची कळ कोणाच्या हाती?
(जेसल पार्क, भाईंदर येथील धम्मबांधवांपुढे केलेले भाषण)



खाडीकाठच्या या वस्तीतील गटारांत आजवर कोणत्या समाजाची माणसे उतरत आली, हे आपणांस सांगावयास नको. आता त्या कामासाठी यंत्रमानव आला आहे. २०१८ साली तिरुवनंतपुरमला ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र मॅनहोलमध्ये उतरले. त्याचे मी स्वागत करतो. १९९३ व २०१३ चे कायदे होऊनही गटारातील मृत्यू थांबले नाहीत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयास भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करावी लागली.

परंतु यंत्र आपोआप जात मोडते, हा भ्रम आहे. मुंबईच्या गिरण्यांतही यंत्रे होतीच. तरी धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांस अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात मज्जाव होता. आणि तो सवर्ण कामगारांचाच होता! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला, तेव्हा कोठे पुढाऱ्यांनी ही मागणी यादीत घेतली.

तोच डाव पुन्हा पडू शकतो. गटार उपसणारा घरी बसेल आणि यंत्राची कळ दुसऱ्याच्या हाती जाईल. म्हणून आपली मागणी दुहेरी असो: गटारात माणूस उतरता कामा नये, आणि यंत्र चालविण्याचे शिक्षण व कायम नोकरी प्रथम त्याच कामगारास मिळाली पाहिजे.

१९५६ साली नागपुरास समता प्रस्थापित करण्याची प्रतिज्ञा झाली. ती विहारापुरती नाही. कामाच्या जागीही ती पाळली गेली पाहिजे.

जय भीम!