फोम लावण्याआधी गादी



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'घरगुती स्टुडिओ आणि ध्वनिशोषक फोम' असा छापलाय. पाणी, शेतीमालाचे भाव, संतसाहित्य या रांगेत हा पाहुणा कुठून आला, असं पुढच्या ओळीतल्या ज्येष्ठांना वाटलं असेल. पण आपल्या जिल्ह्यात अंबड-घनसावंगीपासून भोकरदन-जाफराबादपर्यंत आज कुणी ना कुणी पोरगा खोलीचं दार लावून अभंग नाही तर भारूड रेकॉर्ड करतोय. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर, फोम कोणता घेऊ? मी विचारतो, खोली केवढी?

बहुतेक वेळा ती दहा बाय दहाची निघते. वर स्लॅब, चारी बाजूंनी सिमेंटचा गिलावा, खाली चकचकीत टाइल्स. अशा मोकळ्या खोलीत एक टाळी वाजवून बघा. टाळीमागून 'टर्रर्र' असा पत्र्यासारखा आवाज येतो. समोरासमोरच्या दोन भिंती तो आवाज एकमेकींकडे फेकत असतात. माइक बिचारा जे येईल ते घेतो. गळा आणि भिंत यांत त्याला फरक कळत नाही. आपले कान मात्र सवयीने खोली वजा करून ऐकतात, म्हणून गाताना बरं वाटतं आणि रेकॉर्डिंग ऐकल्यावर चेहरा पडतो.

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत हा त्रास कमी होता. मातीच्या जाड भिंती, कोनाडे, लाकडी तुळया, सारवलेली जमीन आणि कोपऱ्यात अंथरुणाच्या वळकट्यांची चळत. आवाजाला सपाट, टणक जागा सापडायचीच कमी. घरं पक्की झाली आणि आवाज उघडा पडला.

या विषयाचं शास्त्र सुरू झालं तेच मुळी एका फसलेल्या व्याख्यानगृहातून. 1895 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातल्या सभागृहात बोललेलं काही कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा आणि पुढच्या दहा-पंधरा शब्दांवर बसायचा. वक्त्याला याहून मोठी शिक्षा नाही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. त्याने काय करावं? शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, सभागृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून घड्याळावर आवाज विझेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर नेऊन ठेवायच्या. गाद्या वाढत गेल्या तसे ते साडेपाच सेकंद सव्वा सेकंदाच्याही खाली आले. आवाज किती शोषला जातो, हे सुरुवातीला त्याने चक्क गादीच्या मापात मोजलं. सगळा आवाज बाहेर सोडणाऱ्या उघड्या खिडकीचं माप नंतर आलं.

त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात. आवाज विझायला लागणारा वेळ म्हणजे खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले खोलीतलं एकूण शोषण. तीन मीटर लांब, रुंद, उंच अशी आपली खोली घ्या. घनफळ 27 घनमीटर, सगळा पृष्ठभाग 54 चौरस मीटर. गिलावा आणि टाइल्स आवाजाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग गिळतात. उत्तर येतं तीन सेकंदांच्या आसपास. त्याच खोलीत 10 चौरस मीटर जागेवर ऐंशी टक्के आवाज शोषणारं काही लावलं, तर तोच वेळ अर्ध्या सेकंदावर येतो. म्हणजे चारी भिंती आणि छत मढवायची गरजच नाही. पाचवा हिस्सासुद्धा पुरतो.

मग फोम का नको? नको असं नाही. पण जाडी बघा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. हजार हर्ट्झच्या स्वराची लाट 34 सेंटीमीटर, शंभर हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. भिंतीला चिकटून हवा हलत नाही. ती सगळ्यात जास्त हलते ती लाटेच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या अंतरावर, आणि फोम काम करतो तो हलत्या हवेवर. म्हणून एक इंची फोम हजार हर्ट्झच्या वरच उपयोगी. दोन इंची पाचशेपर्यंत येतो. अडीचशेच्या खाली दोघेही हात टेकतात. आता पुरुषाच्या आवाजाची पट्टी शंभर-दीडशेच्या आसपास, आणि पखवाजाची कणीक लावलेली डावी पुडी त्याहून खाली. चारी भिंतींना पातळ फोम डकवला की टाळ-चिपळ्यांची झळाळी जाते, शब्दांची धार बोथट होते आणि खर्ज मात्र पहिल्यासारखाच घुमत राहतो. आवाज कोंदटही आणि घुमणाराही! पैसे देऊन खोली बिघडवण्याचा हा प्रकार मी फार ठिकाणी पाहतो.

चौकोनी खोलीत तर खर्जाचा त्रास दुप्पट. तीन मीटरच्या दोन भिंतींमध्ये 57 हर्ट्झची लाट अडकते. लांबी, रुंदी, उंची सारखीच असेल तर तिन्ही दिशांना तीच. घरात निवड करता येत असेल तर लांबट खोली घ्या.

दुसरा गैरसमज: फोम लावला की बाहेरचा ट्रॅक्टर ऐकू येणार नाही. येणार. आवाज अडवायला वजन लागतं. नऊ इंची विटांच्या भिंतीचा एक चौरस मीटर चारशे किलोच्या पुढे जातो. त्यावरचा फोम एक-दीड किलोचा. आवाज येतो दाराखालच्या फटीतून आणि खिडकीतून. तिथे रबराची पट्टी लावा, आणि उन्हाळ्यात कूलर बंद करून पहाटे गा. अंड्यांचे ट्रे आणि थर्मोकोल यांच्यावर तर वेळही घालवू नका. साधी परीक्षा आहे: तोंड लावून फुंकर मारा. फुंकर आत शिरत नसेल तर आवाजही शिरत नाही.

आणि इथे आपला जिल्हा श्रीमंत आहे. कापसाचा मुलूख आपला. कापसात फुंकर शिरते, जाडी हवी तेवढी मिळते, गादी भरून देणारा कारागीर बाजारात बसलेला आहे. चार इंची गादी भिंतीपासून चार इंच पुढे उभी केली, तर दोन इंची फोमला न जमणारा खर्ज ती पकडू लागते. कोपऱ्यात तिरकी लावली तर अजून बरं, कारण खर्ज कोपऱ्यांत साठतो. बाजूच्या भिंतीवरची जागा शोधायला आरसा वापरा. मिक्सिंग करताना बसता तिथे बसा, मित्राला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. स्पीकर जिथे दिसेल तिथे गादी. कायमचं करायचं असेल तर चार बाय दोन फुटांची लाकडी चौकट, आत रॉकवूल म्हणजे दगडी तंतूंची लोकर, वर मांजरपाट. रॉकवूल हाताळताना नाकाला रुमाल आणि हातात मोजे हवेत.

आता गंभीर गोष्ट. साधा पॉलियुरेथेन फोम भडाभडा पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. 2003 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये स्टेशन नावाच्या क्लबात आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या फोमला लागली आणि 100 माणसं गेली. 2013 साली ब्राझीलमधल्या सांता मारियाच्या किस क्लबात छताचा फोम पेटून 242. आपल्या खोलीत आतषबाजी नसते, पण एकाच बोर्डावर इन्व्हर्टर, चार्जर, दिव्यांच्या माळा असतात, आणि दार मुद्दाम घट्ट लावलेलं असतं. कापूसही जळतोच, तो धुमसत राहतो. परदेशात जुन्या जीन्सच्या कापसाचे ध्वनिशोषक थर विकतात, त्यांनी पेट घेऊ नये म्हणून त्यांना बोरेटची प्रक्रिया केलेली असते. तेव्हा गादी असो की फोम, बोर्डापासून दूर ठेवा, आणि दाराला आतून कुलूप नको.

शेवटी तरुण मित्रांना एक विनंती. गी पॉयटव्हँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या आज्या-मावश्यांच्या गळ्यात अजून कितीतरी आहेत. फोमची ऑर्डर या महिन्यात राहू द्या. घरातल्या दोन गाद्या कोपऱ्यात उभ्या करा, खाली सतरंजी टाका, माइक आजीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि आधी तिचं रेकॉर्डिंग करून घ्या.