श्वासाचे माप



एका श्वासात आपण किती हवा बाहेर सोडू शकतो, हे वर्गात मोजता येते. त्यास पाच लिटरचा पारदर्शक कॅन, मोठे घमेले व हातभर रबरी नळी एवढे साहित्य पुरते.

कॅनवर कागदाची उभी पट्टी चिकटवावी. पाव पाव लिटर पाणी ओतीत प्रत्येक पातळीशी खूण करावी. काठोकाठ भरलेला कॅन, तोंडावर तळहात धरून, घमेल्यातील पाण्यात पालथा घालावा व नळीचे टोक आत सारावे. मुलाने उभे राहून खोल श्वास घ्यावा, नाक चिमटीत धरावे आणि सावकाश, श्वास संपेपर्यंत फुंकावे. हवा वर साठेल, पाणी खाली उतरेल. पालथ्या कॅनचा तळ वर येत असल्याने खुणा तशाच वाचता येतात. तीन वेळांपैकी मोठे माप लिहावे. मात्र मध्ये विसावा द्यावा, नाहीतर घेरी येते. तोंडनळी प्रत्येकास निराळी व स्वच्छ असावी. दमा वा खोकला असलेल्या मुलाकडे नोंदी ठेवण्याचे काम द्यावे.

प्रथम हा प्रयोग केला तेव्हा माझ्या हातून एक चूक घडली. मी फळ्यावर आकडे नावांनिशी, उतरत्या क्रमाने लिहिले. शेवटच्या मुलास वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. मी घरी जाऊन त्यास घेऊन आलो, नावे पुसली आणि सर्वांची उंची मोजून आकड्यांशेजारी मांडली. बहुधा उंचीबरोबर आकडाही चढत होता, आणि तो मुलगा वर्गात सर्वांत ठेंगणा होता. त्याने विचारले, "गुरुजी, मी वाढलो की हाही वाढेल ना?"

नेमका हाच संबंध इंग्रज वैद्य जॉन हचिन्सन यांनी २,००० हून अधिक माणसांचे श्वास मोजून १८४६ साली मांडला होता.

म्हणून आकड्यांवरून मुलांची प्रतवारी करू नये. हे रोगाचे निदानही नव्हे. मात्र खेळताना वारंवार धाप लागणाऱ्या मुलाच्या पालकांस भेटून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावयास सांगावे. नोंदवही जपून ठेवावी व पुढील वर्षी तीच मुले पुन्हा मोजावीत. आपली वाढ आपणच मोजल्याचा आनंद त्यांना लाभेल.