घर हेच परीक्षागृह
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी व पालक यांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या कार्यकारी मंडळाने मला या सभेत चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिचा मान राखून मी येथे उभा आहे. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सामान्य शिक्षक. आयुष्य खडू-फळ्याच्या सहवासात गेले. तेव्हा परदेशांतील विद्यापीठांविषयी अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. परंतु निवृत्तीनंतर ज्ञातीतील मुलामुलींच्या अभ्यासाकडे लक्ष देण्याचे काम मी आवडीने करीत आलो आणि त्या ओघात एका नव्या प्रकारच्या परीक्षेची तयारी मला जवळून पाहावयास मिळाली. विद्यार्थी आपल्याच घरात, आपल्याच संगणकापुढे बसून परीक्षा देतो आणि दूर देशी बसलेला पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून त्याच्यावर नजर ठेवतो, अशी ही परीक्षा आहे. तिच्या तयारीत विद्यार्थ्याइतकाच घरच्या मंडळींचाही वाटा असतो, म्हणून आजचा विषय मी मुद्दाम पालकांपुढे मांडीत आहे.

परीक्षा म्हटली की घर सोडून जावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्याच तुकडीतील. आज आपण मॅट्रिकला शाळेचा शेवट समजतो, परंतु मुळात ती विद्यापीठात प्रवेश मिळविण्याची परीक्षा होती. तेव्हापासून आजतागायत परीक्षार्थी केंद्रावर जातो, घंटा होते, अनोळखी पर्यवेक्षक फेऱ्या घालतो आणि घरची माणसे फाटकाबाहेर थांबतात. वैद्यकीची नीट असो, अभियांत्रिकीची जेईई असो वा आपल्या राज्याची सीईटी असो, या मोठ्या परीक्षांसाठी विद्यार्थ्याला केंद्रावरच जावे लागत आले आहे.

२०२० साली करोनाच्या साथीने केंद्रे बंद पडली, तेव्हा या रीतीला अपवाद निर्माण झाला. अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणासाठी जी. आर. ई. नावाची परीक्षा देतात. तिचा आरंभ १९३६ सालचा आणि ती घेणारी ई. टी. एस. ही संस्था १९४७ सालची. या संस्थेने २०२० च्या मार्च महिन्यात घरून परीक्षा देण्याची सोय सुरू केली. साथ ओसरली, केंद्रे पुन्हा उघडली, तरी घरची सोय चालू राहिली. इंग्रजी भाषेच्या टोफेल परीक्षेची आणि व्यवस्थापन शिक्षणाच्या जीमॅट परीक्षेचीही अशीच सोय झाली. मी आज मुख्यतः जी. आर. ई. चेच उदाहरण घेऊन बोलणार आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरपासून ती आखूड करण्यात आली असून सर्व मिळून एक तास अठ्ठावन्न मिनिटांची आहे. आरंभी तीस मिनिटांचा एक निबंध, नंतर भाषेचे दोन व गणिताचे दोन विभाग. भाषेला व गणिताला प्रत्येकी १३० ते १७० या मापाने गुण मिळतात. मध्ये ठरलेली सुट्टी नाही. म्हणजे जवळजवळ दोन तास एका बैठकीत बसावे लागते. आजकाल अनेक विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली आहे. यास्तव शुल्क भरण्यापूर्वी आपल्या इच्छित विद्यापीठाला ती हवी आहे काय आणि घरून दिलेली चालते काय, या दोन गोष्टी विद्यापीठाच्याच माहितीपत्रकात पाहून घ्याव्यात.

यानंतरचा प्रश्न असा की, घर निवडावे की केंद्र? ज्याचे घर मुंबई-पुण्यात केंद्राजवळ आहे आणि ज्याच्या घरी माणसांची वर्दळ आहे, त्याने निःसंकोचपणे केंद्रावर जावे, असे माझे मत आहे. तेथे संगणक, वीज आणि शांतता यांची जबाबदारी दुसऱ्याची असते. परंतु कोकणातील वा खानदेशातील एखाद्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलीला आदल्या दिवशी प्रवास, परक्या शहरात मुक्काम, सोबतीला एक माणूस आणि त्याची बुडणारी मजुरी किंवा रजा, एवढा व्याप करावा लागतो. तिला घरची परीक्षा म्हणजे मोठाच आधार आहे. शिवाय आठवड्याच्या सातही दिवशी निरनिराळ्या वेळा निवडता येतात. आपल्या भागात वीज केव्हा जाते आणि गल्लीत गोंगाट केव्हा असतो हे आपल्याइतके कोणास ठाऊक? त्या अनुभवाने वेळ निवडावी. लग्नसराईत मंगल कार्यालयाशेजारी राहणाऱ्याने संध्याकाळची वेळ घेऊ नये, हे सांगण्यास पंचांग पाहावे लागत नाही.

आता तयारीकडे वळू. सर्वांत आधी नाव. आपल्या इकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिहेरी पद्धत. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरे आणि विवाहानंतर तिसरे, असा घोळ पुष्कळ घरी आढळतो. नोंदणी करताना नाव पासपोर्टवर ज्या क्रमाने व ज्या अक्षरांनी आहे, तसेच लिहावे. पासपोर्टाची मुदत पाहावी. ज्यांनी अद्याप तो काढलेला नाही त्यांनी अभ्यासाच्या पहिल्या महिन्यातच अर्ज करावा, परीक्षेच्या तोंडावर नव्हे.

दुसरी गोष्ट संगणक. मोबाइलवर वा टॅब्लेटवर ही परीक्षा होत नाही. लॅपटॉप किंवा टेबलावरील संगणक लागतो, त्याला कॅमेरा, माइक व स्पीकर हवेत आणि कानाला लावावयाचा हेडफोन चालत नाही. कॅमेरा असा हवा की, तो फिरवून सारी खोली आणि टेबल पर्यवेक्षकाला दाखविता येईल. परीक्षेसाठी एक खास सुरक्षित ब्राउझर संगणकावर बसवावा लागतो. पुष्कळदा वडीलबंधू आपल्या कचेरीचा लॅपटॉप प्रेमाने देऊ करतो, पण कचेरीच्या यंत्रांवर अशा गोष्टी बसविण्यास बहुधा बंदी असते. म्हणून ज्या यंत्रावर, ज्या खोलीत आणि ज्या इंटरनेटवर परीक्षा द्यावयाची, त्यांचीच चाचणी काही दिवस आधी घ्यावी व आदल्या दिवशी पुन्हा घ्यावी. संस्थेने त्यासाठी चाचणीची सोय ठेवली आहे.

तिसरी गोष्ट वीज. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी. पण केवळ तेवढ्याने भागत नाही. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि इंटरनेटचा राउटर मात्र बंद पडतो, हे ऐन वेळी लक्षात येते. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर जोडावा आणि एकदा मुख्य बटण बंद करून सारे चालते का ते पाहावे. शक्य तर राउटरपासून संगणकापर्यंत तार जोडावी. परीक्षेच्या दोन तासांत घरातील इतर कोणी त्याच जोडणीवर चित्रपट पाहू नये.

चौथी गोष्ट खोली. दार बंद होणारी खोली हवी आणि दार पर्यवेक्षकाला कॅमेऱ्यात दिसेल अशा रीतीने बसावे. साध्या खुर्चीवर बसावे. पलंग, सोफा चालत नाही. टेबलावर संगणकाखेरीज परवानगी नसलेली कोणतीही वस्तू नसावी. खाण्याचा डबा, पुस्तके, दुसरा पडदा, सारे दूर करावे. विद्यार्थ्याचे दोन्ही कान उघडे दिसले पाहिजेत, म्हणून ओढणी वा मोकळे केस कानांवर येऊ देऊ नयेत आणि दागिने शक्य तितके उतरवून ठेवावेत.

कच्च्या कामासाठी कोरा कागद घेता येत नाही, हे ऐकून अनेक विद्यार्थी गोंधळतात. लहान पांढरा फळा आणि पुसता येणारे पेन, किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या वेष्टनात घातलेला एकच कागद व तेच पेन, एवढ्याचीच मुभा आहे. परीक्षा संपल्यावर लिहिलेले सारे पर्यवेक्षकासमोर पुसून दाखवावे लागते. मंडळी, माझ्या पिढीने पाटी-पेन्सिलीवर गणित केले, मधल्या पिढीने पाटी टाकून वही धरली आणि आता सातासमुद्रांपलीकडच्या विद्यापीठासाठी पुन्हा पाटीच हाती आली! यातील गमतीचा भाग सोडला तर एक बोध आहे. पाटीवर जागा थोडी असते, त्यामुळे आटोपशीर मांडणी करावी लागते. ही सवय दोन दिवसांत लागत नाही. सरावाच्या सर्व परीक्षा पहिल्यापासून फळ्यावरच कराव्यात.

पाचवी गोष्ट बोलण्याची. पर्यवेक्षक इंग्रजीतूनच सूचना देतो. ओळखपत्र दाखवा, कॅमेरा फिरवा, हातातील आरसा संगणकासमोर धरून पडदा दाखवा, अशा त्या सूचना असतात. मराठी माध्यमातील आमची मुले गणितात हुशार असतात, परंतु परक्या माणसाचे इंग्रजी कानी पडले की बावरतात आणि त्या बावरलेपणातच पहिला विभाग सुरू होतो. म्हणून मित्राला पर्यवेक्षक करून या संवादाची तालीम करावी. समजले नाही तर पुन्हा विचारावे, त्यात कमीपणा नाही. पुटपुटत वाचण्याची सवयही सोडावी. शाळेत आम्हीच मोठ्याने वाचा म्हणून सांगत आलो, पण येथे हलणारे ओठ संशयास कारण होतात.

आता मी ज्या मुद्द्यासाठी एवढा वेळ घेतला, त्या मुद्द्याकडे येतो. आपली घरे लहान आहेत. दोन खोल्यांत सहा माणसे, हे चित्र आपल्या ज्ञातीत आजही दुर्मिळ नाही. माझ्या माहितीतील एका घरी मुलगा अशीच एक प्रवेशपरीक्षा देत होता. नातवाला शुभ चिंतावे म्हणून आजी दही-साखरेची वाटी घेऊन आली व तिने दार लोटले. परीक्षा तेथेच थांबविली गेली, शुल्क गेले आणि मुख्य म्हणजे मुलाचा धीर गेला. त्या माउलीचा दोष काय? दही-साखर दाराबाहेर, परीक्षेच्या आधी द्यावयाची, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. उलट दुसऱ्या घरी मी पाहिले की, वडिलांनी आदल्या दिवशी शेजारी जाऊन दोन तासांची शांतता मागून घेतली, दारावरची घंटा काढून ठेवली, आईने स्वयंपाक पहाटेच उरकला म्हणजे कुकरची शिटी नको आणि धाकट्या भावाला मावशीकडे पाठविले. त्या मुलीला किती गुण पडले हे मी येथे सांगत नाही. घराने तिच्या दोन तासांची किंमत ओळखली, हेच मला मोलाचे वाटते.

भगिनींनो, मुलींच्या बाबतीत हे अधिक आग्रहाने सांगावेसे वाटते. मुलाच्या अभ्यासासाठी घर पाय न वाजवता चालते आणि मुलीला मात्र अभ्यासातून दोनदा उठवून चहा टाकावयास सांगतात. परीक्षेच्या दिवशी तिच्यासाठी दार बंद ठेवावयाचे असेल, तर ते बंद ठेवण्याची सवय घराला सहा महिने आधी लागली पाहिजे. रोज दोन तास, तेच टेबल, तेच बंद दार. पहिल्या आठवड्यात घर कुरकुरेल. नंतर घरालाही शिस्त लागेल.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. घरी परीक्षा म्हटल्यावर काही हितचिंतक कानाशी लागतात, पडद्यामागून उत्तरे सांगू, यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात देऊ, असे मार्ग सुचवितात. अशांना दारातूनच परत पाठवावे. सारी परीक्षा चित्रित होते, संशय आल्यास निकालही रद्द होतो. परंतु पकडले जाण्याच्या भीतीने प्रामाणिक राहणे हे फार खालच्या प्रतीचे प्रामाणिकपण होय. उसन्या गुणांवर प्रवेश मिळाला तरी पुढील दोन वर्षे तेथील अभ्यास स्वतःच्याच डोक्याने करावा लागतो. केंद्रावर शिस्त परक्याची असते, घरी ती आपली असते. म्हणून ही परीक्षा विद्यार्थ्याच्या बुद्धीची तशीच घराच्या नीतीचीही आहे.

निकाल मनासारखा न लागला तर खचून जाण्याचे कारण नाही. एकवीस दिवसांच्या अंतराने ही परीक्षा पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाच वेळांपर्यंत मुभा आहे आणि गुण पाच वर्षे ग्राह्य धरतात. अर्थात प्रत्येक वेळी शुल्क पडते, हे विसरून चालणार नाही.

शेवटी ज्ञातीच्या धुरीणांना एक विनंती. आपल्या पूर्वसूरींनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे बांधली, शिष्यवृत्त्या ठेवल्या, कारण त्या काळची अडचण राहण्याची व फीची होती. आजची अडचण दार बंद होणाऱ्या एका खोलीची आहे. आपल्या वास्तूत एक लहान खोली, एक टेबल, एक साधी खुर्ची, इन्व्हर्टर आणि तारेचे इंटरनेट एवढी सोय झाली, तर ज्यांच्या घरी एकांत नाही त्यांना तेथे सराव करता येईल आणि त्या त्या परीक्षेच्या नियमांत बसत असेल तर परीक्षाही देता येईल. सार्वजनिक जागा चालत नाही, म्हणून त्या वेळी खोली त्या एका विद्यार्थ्याच्याच ताब्यात असली पाहिजे. याला लागणारा खर्च आपल्या एका स्नेहभोजनाहून फार अधिक होईल, असे मला वाटत नाही. कार्यकारी मंडळाने याचा जरूर विचार करावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही खुर्चीवर एकटे बसाल, पण दाराबाहेर तुमचे सारे घर तुमच्यासाठी शांत बसलेले असेल. त्या शांततेचे चीज करा.