चालता भाग बदलावा कीं राहूं द्यावा?

मृग नक्षत्र तोंडावर आलेलें असतें, शेतें पेरणीसाठीं तयार करावयाचीं असतात, आणि नेमक्या त्याच वेळीं जालना जिल्ह्यांतील हसनाबादसारख्या गांवीं एखाद्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा क्लच घसरूं लागतो. इंजिन गुरगुरतें, पण चाकांना ओढ मिळत नाहीं. मिस्त्री ट्रॅक्टर मधोमध विलग करितो. इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे. झिजलेली क्लचप्लेट बाहेर येते. ती बदलण्याविषयीं दुमत नसतें. मग मिस्त्री आंतल्या बेअरिंगकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, “दादा, आता खोललंच हाय, तर हे बी टाकून घ्या.” बेअरिंग अद्याप चालत आहे. बियाणें आणि खत यांसाठीं राखलेल्या पैशांतून त्याच्यासाठीं पैसे काढावे काय?

शहरांत मोटार बाळगणाऱ्या कुटुंबासही हाच प्रश्न गॅरेजांत भेटतो. त्यावर दोन उत्तरें तयारच असतात. कोणी म्हणतो, चालतें आहे तोंवर हात लावूं नये. दुसरा म्हणतो, एकदांच सगळें नवें करून मोकळें व्हावें. दोन्ही उत्तरांचा मोठा गुण हा कीं, त्यांत विचार करण्याचे श्रम वांचतात.

विचार करावयाचा तर आधीं हिशेब मांडला पाहिजे. केवळ उदाहरणादाखल असें समजूं कीं, ट्रॅक्टर विलग करून पुन्हां जोडण्याची मजुरी 4,000 रुपये आहे आणि बेअरिंगची किंमत 600 रुपये आहे. आठ शेतकऱ्यांनीं हें बेअरिंग आजच बदललें, तर आठांचे मिळून 4,800 रुपये जातील. कोणीच बदललें नाहीं आणि पुढचा क्लच बसविण्याआधीं आठांपैकीं एकाचेंच बेअरिंग गेलें, तर त्याला किंमत व मजुरी मिळून 4,600 रुपये पडतील. म्हणजे आठांत एक इतका धोका असला तरी दोन्ही पारडीं जवळजवळ समतोल होतात. शिवाय या हिशेबांत बुडालेले दिवस धरलेले नाहींत. पाऊस पडून जमिनीला वाफसा आला आणि ट्रॅक्टर गॅरेजांत उभा राहिला, तर तें नुकसान मिस्त्रीच्या बिलांत कोठेंच दिसत नाहीं.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. भागाचें वय किंवा किंमत यांपेक्षां तो कोठें बसला आहे याला अधिक महत्त्व आहे. पाण्याचा पंप घ्या. बहुतेक ट्रॅक्टरांवर तो इंजिनाच्या पुढच्या बाजूस असतो. क्लचच्या कामाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तो आज बदलला काय किंवा सहा महिन्यांनीं बदलला काय, मजुरी तेवढीच. चालत असेल तर तो राहूं द्यावा. परंतु कित्येक मोटारींत हाच पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. तेथें बेल्ट बदलतांना पंपही बदलणें शहाणपणाचें, कारण पुढें केवळ पंपासाठीं तेंच सारें काम पुन्हां करावें लागतें. खुद्द बेल्ट तर तुटेपर्यंत ठेवण्याची वस्तु नव्हेच. तो सहसा पूर्वसूचना न देतां तुटतो, आणि अनेक इंजिनांत त्यामुळें पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठा खर्च उभा राहतो.

क्लचच्या मागें क्रँकशाफ्टवर बसणारें ऑइल सील असेंच आहे. तें रबराचें, आणि क्लचच्या मानानें स्वस्त. उष्णतेनें तें कडक होतें, तेल पाझरूं लागतें, आणि तें तेल नव्या क्लचप्लेटवर पडलें कीं ती प्लेट वायां जाते. स्वतः स्वस्त असून महागाचा नाश करणारा भाग, तोही झांकलेल्या जागीं असलेला, बदलावा हेंच बरें.

मग सगळेंच कां बदलूं नये? कारण नवा भाग म्हणजे निर्दोष भाग नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांड या विभागांतील विमानांचा अभ्यास सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाच्या सहभागानें झाला. त्यांत असें आढळलें कीं, नियमित तपासणी होऊन विमान बाहेर पडलें कीं बिघाड वाढत, आणि उड्डाणाचे तास सरत तसतसे ते कमी होत. खोलाखोलीनेंच कांहीं बिघाड जन्मास येत होते. पुढें 1978 सालीं नोलन आणि हीप या अमेरिकन विमान-तज्ज्ञांच्या अहवालांत दिसून आलें कीं, शेंकडा 89 भागांना वयाची मर्यादा घालून बदलण्यापासून लाभ नव्हता. शेंकडा 68 भागांत तर बिघाडाचा संभव नवेपणींच अधिक होता. विमानाचा न्याय ट्रॅक्टरला जसाचा तसा लागू पडत नाहीं. घर्षणानें झिजणारे भाग वयाबरोबर खरोखरच थकतात. तथापि बाजारांत अस्सल नांवाच्या वेष्टनांत नकली माल मिळतो, त्या बाजारांतून आणलेला भाग तपासला गेलेला नसतो. जुना मात्र हजारों तास चालून दाखवून बसलेला असतो.

एस. टी. महामंडळासारख्या संस्थेस हा निर्णय सोपा जातो. एकाच जातीच्या पुष्कळ गाड्या असल्यामुळें कोणता भाग किती किलोमीटरनंतर दगा देतो, हें तिला नोंदींवरून कळूं शकतें. हसनाबादच्या शेतकऱ्यापाशीं एकच ट्रॅक्टर. त्यानें डोळे, कान आणि हात यांवर भिस्त ठेवावी. बेअरिंग हातानें फिरवून पाहावें. खरखर लागली किंवा तें डुगडुगलें, तर प्रश्नच मिटला. फ्लायव्हीलवर निळसर डाग दिसले तर तें तापलें आहे असें समजावें. घराच्या आंत तेलाचा ओलावा कोठून आला तें मिस्त्रीला विचारावें. काढलेला भाग समोर ठेवावयास सांगण्यांत संकोच मानूं नये; प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाहीं. आणि ट्रॅक्टर पुन्हां जोडला कीं कोणता भाग बदलला, कोणता तसाच ठेवला, आणि त्या दिवशीं मीटरवर किती तास भरले होते, हें घरच्या वहींत लिहून ठेवावें. पुढच्या खेपेस ट्रॅक्टर विलग होईल, तेव्हां त्या पानावरून बराच उलगडा होईल.