झाड जगविण्यासाठी पदर पसरू या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा आपल्या मंडळाने रस्त्याच्या कडेला झाडे लावावयाचे ठरविले आहे. त्यासाठी मदत कोणाकडे व कशी मागावी, याविषयी मी चार शब्द सांगावेत अशी आज्ञा झाली आहे.

माझे पहिले सांगणे असे की, नुसते रोप मागू नये. रोप कोणीही देतो. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून पावसाळा आला की रोपे वाटली जातात, खड्डे खणले जातात, छायाचित्रेही निघतात. अडते ते पुढेच! दिवाळीनंतर माती सुकते, शेळ्या फिरू लागतात, आणि वैशाखात रोप कोणते व काटकी कोणती हे ओळखू येत नाही. म्हणून मागावयाचे ते पिंजरा, पाणी आणि तीन वर्षांची राखण.

केनियातील वंगारी माथाई या विदुषींनी हे फार चांगले ओळखले होते. जळण दूर गेले, ओढे आटले, अशी खेड्यांतील बायकांची तक्रार त्यांच्या कानी आली. १९७७ साली तेथील राष्ट्रीय महिला परिषदेच्या वतीने त्यांनी नैरोबीत सात रोपे लावली. पुढे गावोगावच्या बायका स्वतःच रोपे वाढवू लागल्या. त्यांना पैसे मिळत ते रोप जगले तरच. रक्कम अगदी थोडी, पण हिशेब चोख! संयुक्त राष्ट्रांच्या महिला-निधीसारख्या संस्थांनी या कार्याला हात दिला. २००४ साली माथाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर तीन कोटींहून अधिक झाडे लागली होती.

आपल्यालाही दार ठोठावण्यास जागा आहे. महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या रक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असावे लागते. झाडांची गणना करणे, रोपवाटिका चालविणे, झाडे लावणाऱ्या संस्थांना साहाय्य करणे ही त्याची कामे आहेत. तेव्हा तेथे जाताना संकोच कशाला? मात्र अर्ज लेखी द्यावा, जागेची परवानगी आधी घ्यावी, आणि विजेच्या तारांखाली उंच वाढणारे झाड मागू नये. कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण ही आपल्या मातीतील झाडे बरी.

परंतु बाहेर हात पसरण्यापूर्वी घरातून काही निघाले पाहिजे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. घरोघरी डबे आणि वाट्या मुबलक झाल्या आहेत. यंदा ते पैसे पिंजऱ्यांसाठी द्यावेत. ज्यांना पैसे देणे जमणार नाही, त्यांनी भाजी-तांदूळ धुतल्याचे पाणी द्यावे. तीही वर्गणीच आहे.

शेवटी एक वही ठेवू या. झाडाचे नाव, जागा, पाणी घालणारे घर, आणि दर महिन्याला झाड जिवंत आहे की नाही, एवढे चारच रकाने. मेलेले झाडही त्यात प्रामाणिकपणे लिहावे. दुसऱ्या वर्षी व्यापारी असोत की अधिकारी, त्यांच्यापुढे ती वही उघडून ठेवावी. देणाऱ्याला आपला रुपया कोठे गेला हे दिसले, तर दुसरा रुपया द्यावयास तो कचरत नाही.

ती कोरी वही चिटणीसबाईंच्या टेबलावर आहे. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकीने आपल्या घराचे नाव तीत लिहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.