स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासाची पारख

विंचूरच्या पेठेत चाळीस वर्षे ताग्याचे कापड मोजलेला एखादा गृहस्थ स्मृतिभ्रंशाने मुलांची नावे विसरतो; हात मात्र मोजणे विसरत नाहीत. निवासी केंद्रात तो पलंगावरची चादर ओढतो, मोजतो, घडी घालतो. जाणता सेवक त्याच्यापुढे चार पंचे ठेवतो. अजाण सेवक ‘त्रास देतो’ म्हणून गुंगीची गोळी मागतो. सेवेची प्रत येथे कळते, चकचकीत फरशीवरून नव्हे.

१९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस आल्झायमर यांनी या विकाराच्या प्रमुख प्रकाराचे वर्णन केले. शतक उलटूनही तो समूळ बरा करणारे औषध नाही. म्हणून सांभाळणारी माणसेच मोलाची. ‘अस्तु’ (२०१३) या मराठी चित्रपटात वाट चुकलेल्या संस्कृत पंडितांना कन्नड बोलणारी माहुताची पत्नी लेकरासारखी जपते. ती काही प्रशिक्षित परिचारिका नव्हे!

केंद्र पाहावयास सकाळी नव्हे, दिवेलागणीस जावे. अशा रुग्णांची घालमेल बहुधा तेव्हाच वाढते. कोणी हात धरून फिरवते, की दार लावून घेते? रात्री किती सेवक जागे असतात? पाणी कोण आठवणीने पाजते? तहान लागल्याचे सांगणेही अनेकांना सुचत नाही.

आयुष्यभर सूर्यास्तापूर्वी जेवलेली माता रात्री आठच्या ताटाला हात लावीत नाही. नोंदवहीत ‘भूक नाही’ असे लिहिले जाते. दाखल करताना मुलांनी तिच्या रक्तदाबाचे आकडे दिलेले असतात. तिचा हा नियम कोणीच लिहून दिलेला नसतो.