पाळी कोणाची, बोलायचं कोणी?

 

आज पत्त्यांबद्दल बोलायचंय, पण रमी किंवा ब्रिज नव्हे. 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. घरात मुलं हा खेळत असतील, तर "मी आधी टाकलं!", "नाही, मी आधी!" हे भांडण तुमच्या कानावर आलं असेल. खरं तर इथे हाताच्या चपळाईला काडीची किंमत नाही. म्हणून साठी ओलांडलेल्यानं बारा वर्षांच्या पोरासमोर खुशाल बसावं.

किंमत आहे ती 'प्रायॉरिटी'ला, म्हणजे बोलण्याच्या हक्काला. फौजेत वायरलेसवर बोलणं संपलं की आम्ही 'ओव्हर' म्हणतो. मगच समोरचा बोलतो. इथेही तसंच. ज्याची पाळी, त्याला हक्क आधी मिळतो. तो पत्ता खेळेल, नाहीतर 'पास' म्हणेल. पत्ता खेळल्यावरही हक्क त्याच्याकडेच राहतो, आणि तो पास म्हणाला की समोरच्याकडे जातो. दोघंही लागोपाठ पास म्हणाले, तरच पत्त्याचा परिणाम घडतो. टेबलावर काहीच प्रलंबित नसताना दोघं पास म्हणाले, तर खेळाचा तो टप्पाच संपतो.

प्रलंबित पत्ते जिथे थांबतात, त्याला 'स्टॅक' म्हणतात. ताटांची चळत डोळ्यांसमोर आणा. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं.

याचा परिणाम किती मोठा आहे बघा. समोरच्याकडे 'ग्रिझली बेअर्स' आहे, ताकद दोन, टिकाव दोन. माझ्या हातात तीन घाव घालणारा 'लाइटनिंग बोल्ट', त्याच्या हातात प्राण्याला त्या पाळीपुरतं तीन-तीन वाढवणारा 'जायंट ग्रोथ'. मी घाईनं बोल्ट टाकला, तर तो उत्तरादाखल ग्रोथ टाकेल. ग्रोथ वर, म्हणून तो आधी लागू होईल, अस्वल पाच-पाच होईल आणि माझा बोल्ट वाया. पण मी थांबलो आणि ग्रोथ त्यानं आधी टाकला, तर? आता माझा बोल्ट वर. अस्वल मरतं, ग्रोथला लक्ष्यच उरत नाही. माझ्या एका पत्त्यात त्याचे दोन गेले! पत्ते तेच, फक्त क्रम उलटा. माझ्या मते या खेळातलं निम्मं शहाणपण इथेच आहे.

अर्थात, उत्तर देता येतं ते 'इन्स्टंट' जातीच्या पत्त्यांनी. 'सॉर्सरी' फक्त स्वतःच्या पाळीत, मुख्य टप्प्यात आणि स्टॅक रिकामा असतानाच चालते. जमिनीचा पत्ता तर स्टॅकवर जातच नाही, त्याला उत्तर नाही.

आता वेळेचं. शत्रूचा प्राणी आडवा करून हल्ला रोखायचा असेल, तर लढाईच्या टप्प्याच्या सुरुवातीलाच करा. हल्ला जाहीर झाल्यावर आडवा केलात तर काही उपयोग नाही, तो लढाईत राहतोच. उलट आपला प्राणी फुगवायचा असेल, तर बहुधा समोरच्यानं अडवणारे ठरवेपर्यंत दम धरावा. आधीच फुगवलात, तर तो हिशेब करून अडवेल.

हा स्टॅक पहिल्यापासून नव्हता, बरं का. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीच्या नियमांनी तो आणला. त्याआधी 'इंटरप्ट' नावाची वेगळीच जात होती आणि डोकं भणभणायचं. जुन्या खेळाडूंना त्याची ओढ वाटते, मला नाही.

नवशिक्यांना एकच सांगतो: सुरुवातीचे काही डाव 'पास' मोठ्यानं म्हणा. मान डोलावणं, खांदे उडवणं, 'हं' करणं चालणार नाही. पोरं हसतील, हसू द्या. आणि समोरच्यानं पत्ता ठेवल्याबरोबर पुढचा उचलू लागला, तर शांतपणे म्हणा, "थांब बाळा, मी अजून पास म्हटलेलं नाही."